गूगल अ‍ॅड ग्रँट्स: जाहिरात फुकट मिळते, पान मात्र आपल्यालाच लिहावं लागतं

सामाजिक संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाला कधी ना कधी हा सल्ला मिळतोच, "अगं गूगल देतं ना संस्थांना फुकट जाहिरात, महिन्याला १०,००० डॉलरची, घेऊन टाका की!" सल्ला देणारा एवढं बोलून मोकळा होतो आणि पुढचं सगळं निस्तरायचं आपण. मी डिमेन्शिया झालेल्या माणसांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची वेबसाइट बघते, पगारी वगैरे नाही, आवड म्हणून, आणि ही ग्रँट आम्ही वापरतोय म्हणून हा रिव्ह्यू लिहायला घेतला. आधीच सांगून टाकते, सोय चांगली आहे, मिळत असेल तर घ्याच. फक्त ज्या कारणासाठी बहुतेक संस्था ती घ्यायला धावतात, म्हणजे देणग्या, त्यासाठी तिचा फारसा उपयोग नाही. तिचा खरा उपयोग वेगळाच आहे आणि तो कुणी सांगत नाही.

आधी वस्तू काय आहे ते बघू. गूगलने हा प्रोग्रॅम २००३ साली सुरू केला. पात्र ठरलेल्या संस्थेला महिन्याला १०,००० डॉलरपर्यंत सर्च जाहिराती फुकट चालवता येतात. कॅश हातात येत नाही हं, क्रेडिट असतं, आणि ते फक्त गूगलवरच्या जाहिरातींत जिरतं. रोजची मर्यादा साधारण ३२९ डॉलर. या महिन्यात उरलेलं पुढच्या महिन्यात सरकत नाही, गेलं ते गेलं. क्रेडिट कार्ड टाकावं लागत नाही, बिलिंगची माहिती द्यावी लागत नाही, त्यामुळे चुकून हजारो डॉलरचं बिल येईल ही जी धाकधूक कमिटीतल्या ज्येष्ठांना असते ती पहिल्याच मीटिंगला मिटवून टाका, नाहीतर प्रत्येक मीटिंगला तोच विषय.

जाहिराती मुख्यतः साध्या टेक्स्टच्या, सर्च रिझल्टमध्ये दिसणाऱ्या. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं गणित तिच्यावर आहे, ग्रँटच्या जाहिराती पैसे भरणाऱ्यांच्या जाहिरातींच्या खाली दिसतात, त्यांचा लिलाव, म्हणजे कुठली जाहिरात कुठे दिसणार हे ठरवणं, वेगळाच होतो. म्हणजे ज्या शब्दावर चार मोठे खिसेवाले बसलेत तिथे तुम्ही पाचवे. मला यात अन्याय वगैरे वाटत नाही, फुकट बसायचं तर मागच्या रांगेत बसा, ठीके. पण हे माहीत नसताना अपेक्षा भलत्याच वाढतात.

मिळवायची पद्धत लांबलचक असली तरी अवघड नाही. आधी गूगल फॉर नॉनप्रॉफिट्सचं खातं काढायचं, मग तुमची संस्था खरंच नोंदणीकृत आहे का याची पडताळणी होते, ती गुडस्टॅक नावाची कंपनी करते (आधी तिचं नाव पर्सेंट होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल, गोंधळू नका). ते पार पडलं की अ‍ॅड ग्रँट्ससाठी वेगळा अर्ज. सरकारी कार्यालयं, हॉस्पिटलं, शाळा-कॉलेजं यांना ही ग्रँट नाही. मग वेबसाइट तपासतात. स्वतःच्या मालकीचं डोमेन हवं, कुठल्या फुकट प्लॅटफॉर्मवरच्या उपपत्त्यावर भागत नाही, एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) हवं, तुटलेल्या लिंका नकोत, संस्था नेमकं काय करते हे पानांवर स्पष्ट हवं. आणि साइटवर अ‍ॅडसेन्सच्या (म्हणजे साइटवाल्याला पैसे मिळवून देणाऱ्या गूगलच्या) जाहिराती लावल्या असतील तर त्या काढा, चालत नाहीत. दोन वेगवेगळ्या डोमेनवर लोक पाठवायचे असतील तर दुसऱ्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते, हे बऱ्याच जणांना खातं सुरू झाल्यावर कळतं.

आता मुद्द्याचं. संस्था काय करतात, खातं मिळालं की पहिलं कॅम्पेन देणग्यांचं लावतात. "दान करा", "गरजूंना मदत करा", असले कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर आपली जाहिरात दिसावी असे आपण निवडलेले शब्द. बरं, विचार करा, असं टाइप करतं कोण? फार थोडे लोक, आणि जे करतात त्यांना वर आधी मोठ्या नावांच्या पैसे भरलेल्या जाहिराती दिसतात, आणि ज्या संस्थेचं नाव आयुष्यात ऐकलं नाही तिला कुणी सर्चमधून येऊन पैसे देत नाही, मी पण देणार नाही, तुम्ही पण देणार नाही. दुसरं कॅम्पेन संस्थेच्या नावाचं. ते ठेवायला हरकत नाही, क्लिक चांगले येतात, पण जो तुमचं नाव टाइप करतोय तो तसाही तुमच्याकडेच येणार होता, तेव्हा त्यात नवीन माणूस किती?

मग उरतं कोण? अडलेला माणूस. ज्याला तुमचं नाव माहीत नाही, तुमचा विषयही कदाचित धड माहीत नाही, पण घरात काहीतरी घडतंय आणि तो मोबाइलवर टाइप करतोय. सर्च जाहिरात ही फक्त याच माणसासाठी आहे. लोकांच्या डोक्यात नसलेली गोष्ट ती त्यांच्या डोक्यात घालू शकत नाही, ते काम व्हिडिओचं, बातमीचं, ओळखीच्या माणसाने पाठवलेल्या मेसेजचं. कुणी शोधलं तरच ही जाहिरात दिसते.

आमच्याच खात्याचं सांगते. गूगल अ‍ॅड्समध्ये सर्च टर्म्स नावाचा रिपोर्ट असतो, आपली जाहिरात दिसली तेव्हा लोकांनी खरोखर काय टाइप केलं होतं ते त्यात दिसतं. सगळं नाही दिसत, सप्टेंबर २०२० पासून गूगल फार कमी वेळा झालेले सर्च लपवतं, पण दिसतं तेवढंही पुरे. माझ्या मते अख्ख्या प्रोग्रॅममधली सगळ्यात मोलाची चीज हीच, जाहिरात राहिली बाजूला. आम्ही डॉक्टरी शब्दांचे कीवर्ड लावले होते, वर्तनातील बदल, स्मृतिभ्रंशाची लक्षणं, असलं. आणि लोक लिहीत होते "आई तेच तेच परत विचारते", "बाबा घरातच आहेत तरी घरी जायचं म्हणतात", "सासूबाई रात्रभर झोपत नाहीत कपाट उघडून बसतात". एकाही वाक्यात आजाराचं नाव नाही. असणार कसं, नाव अजून त्या घरात पोचलेलंच नसतं!

आणि या माणसाला आम्ही पाठवत होतो कुठे तर होम पेजवर. जिथे वर मोठ्ठा फोटो, खाली आमचं ध्येय, आमची उद्दिष्टं, विश्वस्त मंडळ, कार्यक्रमांची गॅलरी. पाहुण्याला आग्रहाने बोलवायचं आणि दाराला कुलूप लावून बसायचं, तसला प्रकार. बहुतेक संस्थांच्या साइट अशाच असतात, संस्थेने संस्थेबद्दल संस्थेसाठी लिहिलेल्या.

मग त्या सर्च टर्म्स समोर ठेवून पानं लिहायला घेतली. एका त्रासाला एक पान. "घरीच असून घरी जायचं म्हणतात तेव्हा" हे त्यातलं एक आणि आजही सगळ्यात जास्त चालणारं. त्यात पहिल्या चार ओळींत आज संध्याकाळी काय करायचं ते लिहिलंय. हेच तर घर आहे म्हणून वाद घालू नका, त्याने अस्वस्थपणा वाढतो, उलट त्या घराबद्दल विचारा, कोण होतं तिथे, अंगण होतं का. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा कारण संध्याकाळी हा त्रास वाढणं या आजारात नेहमीचं आहे. भूक, लघवीची घाई, कुठे दुखतंय का हे बघा, कधीकधी सांगता येत नाही म्हणून "घरी जायचंय" एवढंच तोंडातून येतं. एकदम सुरू झालं असेल, म्हणजे कालपर्यंत ठीक होते आणि आज एकदम गोंधळलेत असं असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, इन्फेक्शनही असू शकतं. आणि मग खाली फोन नंबर आणि सपोर्ट ग्रुपला यायचा छोटा फॉर्म, नाव आणि नंबर, बास. संस्थेबद्दल एक ओळ, तीही शेवटी.

देणगीचं बटण त्या पानावर नाहीये. कमिटीत यावरून जुंपली होती, अजूनही अधूनमधून जुंपते. माझं म्हणणं एवढंच की ज्या घरात रात्रीची झोप उडालीये त्याच्यापुढे पेटी धरू नका. मदत मिळालेली माणसं नंतर आपणहून विचारतात काय करू शकतो म्हणून, तेव्हा सांगा.

आता नियमांकडे येते, कारण या ग्रँटला नावं ठेवणारे नियमांनाच नावं ठेवतात. जानेवारी २०१८ पासून नियम बरेच कडक झाले. सगळ्यात गाजलेला म्हणजे ५ टक्के सीटीआरचा, म्हणजे तुमच्या जाहिराती १०० वेळा दिसल्या तर निदान ५ वेळा क्लिक व्हायला हव्यात, अख्ख्या खात्याचा मिळून महिन्याचा हिशोब. लागोपाठ दोन महिने त्याखाली गेलात की खातं बंद. कायमचं नाही, दुरुस्त्या करून परत चालू करायचा अर्ज करता येतो, पण तोवर सगळं ठप्प.

लोक याला जाचक म्हणतात. मला विचाराल तर सगळ्या प्रोग्रॅममधला सगळ्यात चांगला नियम हाच आहे. पैसे भरून जाहिरात करणाऱ्याला फालतू कीवर्डचा फटका खिशातून कळतो, आपल्याला फुकट मिळतंय म्हटल्यावर कळणार कसा? मग "आरोग्य", "मदत", "वृद्ध" असलं काहीही लावून ठेवतो आपण आणि हजारो लोकांना दिसलो म्हणून रिपोर्टमध्ये मोठे आकडे टाकतो. या ५ टक्क्यांमुळे ते चालत नाही. माणसाने जे विचारलं त्याचं उत्तर जाहिरातीत दिसलं तरच तो क्लिक करणार, म्हणजे घूमफिरके परत तेच, त्याच्या शब्दात लिहा.

सीटीआर सांभाळायचा उपाय काही रॉकेट सायन्स नाही, सर्च टर्म्स बघायच्या आणि नको ते निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाकत जायचं. आमच्याकडे सुरुवातीला कोण कोण यायचं बघा, शाळेच्या प्रोजेक्टसाठी माहिती शोधणारी मुलं, परीक्षेच्या आधी स्मरणशक्ती वाढवायच्या गोळ्या शोधणारे, केअरटेकरची नोकरी शोधणारे, "विसरून जा" टाइपचं स्टेटस शोधणारे प्रेमभंगवाले (खरंच!). यातल्या कुणाचंच काही चुकत नाही, पण आपल्याकडे त्यांच्यासाठी काही नाही. म्हणून प्रोजेक्ट, पीडीएफ, नोकरी, पगार, गोळ्या, स्टेटस, शायरी, सगळे निगेटिव्हमध्ये. सुरुवातीला हे दर आठवड्याला करावं लागतं, मग यादी भरत जाते तसं कमी होतं.

बाकीचे नियम पटापट सांगते. एका शब्दाचा कीवर्ड चालत नाही, अपवाद म्हणजे तुमच्या संस्थेचं स्वतःचं नाव आणि गूगलने मान्य केलेली काही आजारांची नावं वगैरे. दुसऱ्या संस्थेचं नाव कीवर्ड म्हणून वापरायचं नाही. "फ्री व्हिडिओ", "आजच्या बातम्या" असले भरकटलेले कीवर्ड नाहीत. क्वालिटी स्कोअर (जाहिरात आणि पान त्या शब्दाशी किती जुळतात याचे गूगलने दहापैकी दिलेले मार्क) १ किंवा २ असलेले कीवर्ड ठेवायचे नाहीत. जाहिराती कुठल्या भागात दाखवायच्या ते ठरवून द्यायचं, सगळं जग निवडून मोकळं व्हायचं नाही. निदान दोन साइटलिंक, म्हणजे जाहिरातीखाली दिसणाऱ्या जास्तीच्या लिंका. आणि कन्व्हर्जन, म्हणजे साइटवर आलेल्या माणसाने आपल्याला हवं ते काही करणं (फोन, फॉर्म वगैरे), त्याचं ट्रॅकिंग नीट लावलेलं, महिन्याला निदान एक तरी कन्व्हर्जन दिसलं पाहिजे.

बोलीचं, म्हणजे एका क्लिकला किती मोजायची तयारी आहे त्याचं, गणित जरा वेळ घेऊन समजून घ्या. हाताने बोली लावली तर एका क्लिकला जास्तीत जास्त २ डॉलरची मर्यादा. म्हणजे रोजच्या ३२९ डॉलरमध्ये निदान १६४ क्लिक, ते पण रोज तेवढे लोक तुमचा विषय शोधत असतील तर. कन्व्हर्जनवर चालणारं स्मार्ट बिडिंग लावलं, म्हणजे मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स वगैरे, ज्यात बोली गूगलचं मशीनच ठरवतं, की ही २ डॉलरची अट उठते. २२ एप्रिल २०१९ नंतर उघडलेल्या खात्यांना तर तेच वापरणं बंधनकारक आहे. त्यामुळे नवीन खातेवाल्यांनी त्या जुन्या २ डॉलरच्या चर्चेत डोकं घालू नका, तुमचं सगळं कन्व्हर्जनवर अवलंबून आहे. मशीनला तुम्ही जे यश म्हणून सांगाल ते ती शोधत बसते, आणि चुकीचं सांगितलं तर चुकीचं इमानेइतबारे शोधते.

यावरून एक अनुभव. एका एजन्सीने (नाव जाऊ दे) आमचं खातं सांभाळायला घेतलं होतं, दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा, कन्व्हर्जन रेट असा की बघून छाती फुगावी. कमिटी खूश. पण फोन तेवढेच, सपोर्ट ग्रुपला येणारी माणसं तेवढीच. शेवटी मी खात्यात शिरून कन्व्हर्जनची सेटिंग उघडली तर काय, कुठलंही पान उघडलं की कन्व्हर्जन! म्हणजे जो आला तो यशस्वी. आणि बिडिंग त्याच्यावर चाललेलं, म्हणजे मशीनला आम्ही सांगत होतो की कुणीही आण बाई, नुसता आला तरी चालेल. बदलून तीन गोष्टी ठेवल्या, फोन नंबरवर टॅप, फॉर्म भरणं, आणि माहितीपत्रक डाउनलोड. दुसऱ्या महिन्यात रिपोर्टमधला आकडा धाडकन पडला आणि फोन वाढले. एजन्सीला हे समजावताना जी दमछाक झाली त्यावर वेगळं लिहावं लागेल. तेव्हा कुणालाही काम द्या पण एक प्रश्न विचारा, तुम्ही कन्व्हर्जन कशाला म्हणता. उत्तर देताना गडबडला की नमस्कार करा.

जाहिरात लिहिणं हा भाग मला स्वतःला मजेशीर वाटतो. रिस्पॉन्सिव्ह सर्च अ‍ॅडमध्ये १५ पर्यंत हेडलाइन आणि ४ डिस्क्रिप्शन देता येतात, गूगल त्यातलं उलटसुलट जुळवून दाखवतं. हेडलाइनला ३० अक्षरं, डिस्क्रिप्शनला ९०. मराठीत ३० अक्षरांत संस्थेचं नावसुद्धा मावत नाही कित्येकदा, "बहुउद्देशीय सेवाभावी" एवढ्यातच संपतं. पण तेच बरं, नाव टाकायची गरजच नाही. "आई तेच तेच विचारते?" ही हेडलाइन आमच्या सगळ्या सभ्य सुसंस्कृत हेडलाइनींना मागे टाकून पुढे गेली. "अनुभवी लोकांशी बोला" ही दुसरी. सर्वात खाली कोण राहिलं माहितीये, "सेवा हेच आमचं व्रत". कमिटीच्या आग्रहाखातर टाकली होती, राहू दिली काही दिवस, आकडे दाखवले, काढली. आणि १५ हेडलाइन एकमेकींसारख्या लिहू नका, कुठलीही दोन शेजारी आली तरी अर्थ लागला पाहिजे.

पान उघडायला वेळ लागत असेल तर हे सगळं पाण्यात. अडलेला माणूस थांबत नाही. गूगलच्या मोजमापात मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, पेजस्पीड इन्साइट्स या फुकट टूलमध्ये पत्ता टाकला की कळतं. संस्थांच्या साइटवर दोषी नेहमी एकच, मोबाइलमधून काढलेला फोटो जसाच्या तसा चढवलेला, चार-पाच एमबीचा, आणि असे वीस स्लाइडरमध्ये फिरतायत. फोटो छोटे करा, स्लाइडर काढा, निम्मं काम झालं. त्याच बैठकीत ओपन ग्राफ टॅगही बघून घ्या, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की खाली चित्र आणि नीट शीर्षक येतं, १२०० बाय ६३० पिक्सेलचं चित्र चालतं. नुसती निळी लिंक ग्रुपमध्ये पडली की लोकांना फ्रॉड वाटतो, हल्ली वाटायलाच पाहिजे म्हणा. आमची कितीतरी पानं भाऊ बहिणीला पाठवतो, बहीण मावशीला, अशीच फिरतात, त्याला ग्रँटचा एक डॉलर लागत नाही.

आणि ग्रँट मिळो न मिळो, सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगल सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल, लावाच. फुकट आहे, पात्रता वगैरे काही नाही, साइट तुमची आहे एवढं सिद्ध केलं की झालं. जाहिरातीशिवाय लोक कुठल्या शब्दांवरून आले, कुठल्या शब्दावर तुम्ही दिसता पण कुणी क्लिक करत नाही, सगळं दिसतं. खरं सांगू का, एकच काहीतरी करायला वेळ असेल तर मी ग्रँट सोडून हे करेन. जिथे दिसताय पण क्लिक नाही तिथे शीर्षक बदला, जिथे लोक येतायत पण पान अर्धवट आहे ते पान पुरं करा. चांगलं पान जाहिरात बंद झाली तरी लोक आणत राहतं, ग्रँटचं खातं बंद पडलं की ग्रँटवरचे लोक त्याच दिवशी थांबतात. दोन्ही एकत्र चालवली तर मजा अशी की जाहिरातीतून कळतं कुठला विषय चालतो आणि मग त्यावर पान घट्ट करत जायचं, हळूहळू तिथे जाहिरातीची गरजच कमी होते.

तक्रारी? आहेत की. गूगल अ‍ॅड्सचा डॅशबोर्ड दुकानदारांसाठी बनवलाय, संस्थेच्या माणसाला तो अंगावर येतो. शिफारशींच्या पानावर बजेट वाढवा, ब्रॉड मॅच (कीवर्डशी मिळतेजुळते सर्चही घेणं) लावा असल्या सूचना असतात, त्यातल्या बऱ्याच आपल्या कामाच्या नसतात. शिफारशी आपोआप लागू करायची एक सेटिंग आहे, ती आधी जाऊन बघा आणि बंद करा, नाहीतर निगुतीने निवडलेल्या कीवर्डमध्ये नवीन पाहुणे घुसतात. ऑप्टिमायझेशन स्कोअर १०० करायच्या नादी लागू नका, तो तुमच्या कामाचा मार्क नाही. आणि पूर्ण १०,००० डॉलर संपवायचा हट्टही नको. आमचे कधीच संपत नाहीत, आमचा विषय शोधणारे तेवढे नाहीतच, आणि संपवायचे म्हणून भलते लोक आणले की सीटीआर आपटतो. ट्रस्टींना हे पटवणं अवघड जातं, "वाया जातायत ना पैसे?" अहो, ते पैसे नव्हतेच.

कुणी घेऊ नये तेही सांगते. तुमचं काम एका लहानशा भागापुरतं असेल आणि तिथले लोक तुमचा विषय गूगलवर शोधतच नसतील तर कीवर्डपुढे "लो सर्च व्हॉल्यूम" असं लिहून येतं आणि जाहिरात दिसतच नाही, मग तिथे बसून काय करणार, त्यापेक्षा माणसं भेटा. एकाच कार्यक्रमाची जाहिरात करायची असेल तर अर्ज, पडताळणी, सेटिंग यातच कार्यक्रम होऊन जाईल. आणि साइट बघायला कुणीच नसेल, पाच वर्षांपूर्वी कुणाच्या तरी भाच्याने बनवून दिली आणि पासवर्ड भाच्याकडे, असं असेल तर आधी भाच्याला शोधा.

बाकी सगळ्यांनी घ्यावी. सल्ला देणारी, मार्गदर्शन करणारी, हेल्पलाइन चालवणारी, कायदेशीर मदत करणारी, व्यसनमुक्तीवाली, पालकांसाठी काम करणारी, म्हणजे जिथे लोक आधी गूगलला विचारतात आणि मग माणसाला, अशा संस्थांसाठी पाचपैकी साडेचार. फक्त देणग्यांसाठी घेत असाल तर दीड, तोही नियमांमुळे साइट सुधारते म्हणून.

एक राहिलंच, खातं संस्थेच्या ईमेलवरून उघडा, कुणा एका स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवरून नको, आणि निदान दोघांना अ‍ॅडमिन करा. गूगल वर्षातून एकदा या प्रोग्रॅमचा सर्व्हे ईमेलवर पाठवतं, त्याला उत्तर देणं हाही नियमच आहे, आणि तो ईमेल नोकरी बदलून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये पडून राहिला तर इकडे कुणाला पत्ताही लागत नाही.